पीपीआर : लस आहे, तीही स्वस्त, मग शेळ्या-मेंढ्यांचा हा आजार अजून का जात नाही?

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाटे गावात, राजापूर तालुक्याच्या या समुद्रकाठच्या टोकाला, एका वाडीत राहणाऱ्या काकींकडे पाच शेळ्या आहेत. घरचा मुख्य आधार मासेमारीचा. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की हातात पैसा येतो तो याच शेळ्यांमुळे. शाळेची वह्या-पुस्तकं, अचानक आलेलं दवाखान्याचं बिल, गणपतीचा खर्च. एखादा बोकड विकला की वेळ निभावते.

यंदा काकींनी बाजारातून एक करडू विकत आणलं. दिसायला तरतरीत. चार-पाच दिवसांनी ते मलूल झालं. नाक वाहू लागलं, डोळ्यांना चिपडं आली. सर्दी असेल म्हणून काकींनी हळद-गूळ दिला. मग हगवण लागली, तोंडात फोड आले, चारा सुटला. करडू गेलं. त्याच आठवड्यात घरच्या दोन शेळ्यांनाही तसंच सुरू झालं. गाभण होती ती गाभडली. पंधरा दिवसांत गोठा रिकामा.

ही गोष्ट काल्पनिक आहे. पण तिच्यातला आजार खरा आहे आणि तो असाच वागतो. त्याचं नाव पीपीआर. पेस्ट दे पेती रुमिनां या फ्रेंच नावाचं हे छोटं रूप. अर्थ सरळ आहे : लहान रवंथ करणाऱ्या जनावरांचा प्लेग. मराठीत कुणी त्याला 'शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग' म्हणतं, कुणी 'शेळ्यांची बुळकांडी'.

या आजारावर भारतातच तयार झालेली, चांगली चालणारी लस आहे. एक टोचणी आणि किमान तीन वर्षं संरक्षण. २०३० पर्यंत हा आजार जगातूनच संपवायचा, असं ठरलेलं आहे. मग अडलंय कुठे? समजून घेऊया.

पीपीआर म्हणजे नेमकं काय?

हा विषाणूमुळे होणारा संसर्गजन्य आजार आहे. त्याचा विषाणू 'मॉर्बिलिव्हायरस' या गटातला. या गटातले त्याचे भाऊबंद तुमच्या ओळखीचे आहेत. माणसांना होणारा गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि एकेकाळी गाई-म्हशींचे गोठेच्या गोठे ओस पाडणारी बुळकांडी, हे सगळे एकाच घराण्यातले.

गोवर आठवला की पीपीआर समजायला सोपं जातं. गोवर जसा घरातल्या एका मुलाला झाला की बाकीच्यांना पटकन होतो, तसाच हा कळपात फिरतो. आणि गोवर जसा एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, तसंच इथेही आहे. जी शेळी वाचते, तिला पुढे या आजाराविरुद्ध टिकाऊ प्रतिकारशक्ती मिळते.

माणसांना हा आजार होत नाही. गाई-म्हशींच्या शरीरात विषाणू शिरू शकतो, पण त्या सहसा आजारी पडत नाहीत आणि पुढे पसरवतही नाहीत. खरा धोका शेळ्या, मेंढ्या आणि त्यांच्या रानातल्या नातेवाइकांना. २०१६-१७ मध्ये मंगोलियात या आजाराने सायगा नावाच्या दुर्मिळ हरणांचे कळप झपाट्याने संपवले होते.

ओळखायचा कसा?

विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण चार ते सहा दिवसांत लक्षणं दिसू लागतात. क्रम बहुतेक वेळा असा असतो :

- अचानक जोराचा ताप, १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट. जनावर मान खाली घालून उभं राहतं, रवंथ थांबतं.
- नाका-डोळ्यांतून आधी पाण्यासारखा, मग घट्ट पिवळसर स्राव. नाकपुड्या बुजतात, पापण्या चिकटतात.
- हिरड्या, ओठांच्या आतली बाजू, जीभ यांवर फोड आणि व्रण. तोंडाला घाण वास. तोंड दुखत असल्याने खाणं बंद.
- तीन-चार दिवसांत पातळ हगवण, कधी रक्त मिसळलेली.
- खोकला, धाप, न्यूमोनिया. गाभण शेळ्या गाभडतात.

पहिल्यांदाच साथ आलेल्या कळपात जवळजवळ सगळी जनावरं आजारी पडू शकतात आणि वाईट परिस्थितीत मृत्यूचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. जिथे आजार नेहमीचा झालाय तिथे प्रमाण कमी असतं. पण करडं आणि कोकरं सगळ्यात आधी जातात.

अडचण अशी की वरचं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कुठल्यातरी आजारातही दिसतं. नुसतं नाक वाहिलं तर सर्दी वाटते. हगवण दिसली तर जंत किंवा आंत्रविषार. तोंडातले फोड पाहून लाळ्या खुरकूत. धाप लागली तर फुफ्फुसदाह. कोकणात तर पावसाळ्यात ओल्या गोठ्यामुळे शेळ्यांना सर्दी-खोकला होतच असतो. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस, म्हणजे जेव्हा आजारी जनावर वेगळं करायला हवं नेमके तेच, घरगुती उपायांत जातात.

खात्री करायची तर नाका-डोळ्यांतला स्राव आणि रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो. राज्यात हे काम पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागासारख्या प्रयोगशाळा करतात.

पसरतो कसा?

आजारी जनावराच्या शिंका, खोकला, लाळ, लेंड्या या सगळ्यांतून विषाणू बाहेर पडतो. जवळ बांधलेलं, एकाच भांड्यात पाणी पिणारं, एकाच गव्हाणीत खाणारं जनावर तो घेतं.

यात एक चांगली बातमी आहे. हा विषाणू जनावराच्या शरीराबाहेर फार काळ टिकत नाही. ऊन, उष्णता, साबण, साधी जंतुनाशकं यांनी तो मरतो. तो वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसत नाही. बरं झालेलं जनावरही आयुष्यभर विषाणू बाळगून फिरत नाही. म्हणजे या आजाराला जिवंत राहायचं असेल तर सतत नवं, प्रतिकारशक्ती नसलेलं जनावर सापडावं लागतं. ते सापडलं नाही की साखळी तुटते.

वाईट बातमी अशी की ताप चढण्याच्या सुमारासच, जनावर नीट आजारी दिसायच्या आधी, विषाणू बाहेर पडायला लागतो. बाजारात उभं असलेलं जनावर तरतरीत दिसतं म्हणून ते निरोगी असेलच असं नाही.

भारतात कधी आला?

पीपीआरची पहिली नोंद १९४२ सालची, पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टची. भारतात तो पहिल्यांदा ओळखला गेला १९८७ मध्ये, तामिळनाडूतल्या अरसूर गावात. त्याआधी शेळ्यांमध्ये अशी साथ आली की ती बुळकांडीच समजली जायची, कारण दोन्ही विषाणू अगदी जवळचे आहेत. पुढे १९९०च्या दशकात तो देशभर दिसू लागला. महाराष्ट्रातही त्याच दशकापासून त्याच्या नोंदी आहेत.

इथे आकडे लक्षात घ्यायला हवेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात जवळपास १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या होत्या. एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या. शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात ते उगाच नाही. जमीन नसलेलं, किंवा अर्धा एकर खडकाळ जमीन असलेलं घरही दोन-चार शेळ्या पाळू शकतं. गाय मेली तर बातमी होते, शेळी मेली तर ती त्या घरापुरतीच राहते.

लम्पीची आठवण काढून बघा. २०२२ मध्ये गाई-बैलांना लम्पी त्वचारोग झाला तेव्हा रोजच्या रोज आकडे येत होते. राज्य सरकारने मृत गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपयांची मदत जाहीर केली होती. गंमत म्हणजे तेव्हा गाईंना वाचवण्यासाठी जी लस टोचली गेली, ती मुळात शेळ्यांच्या देवीची लस होती. शेळीची लस घराघरात पोहोचली, शेळीचा आजार मात्र चर्चेत आला नाही.

बुळकांडी गेली, मग पीपीआर का नाही?

माणसाने आजवर दोनच आजार पृथ्वीवरून पूर्णपणे घालवले आहेत. एक माणसांमधली देवी, दुसरी जनावरांमधली बुळकांडी. बुळकांडीची भारतातली शेवटची नोंद १९९५ ची. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

या यशात शेळीचाही वाटा आहे. १९२०च्या दशकात उत्तराखंडमधल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्यापासून गाई-बैलांसाठी लस तयार झाली. पुढची काही दशकं ती वापरात होती. म्हणजे गाईला वाचवणारी लस आधी शेळीच्या अंगातून आली.

पुढे उलटंही झालं. दोन्ही विषाणू जवळचे असल्याने बुळकांडीची लस शेळ्यांना दिली तर पीपीआरपासूनही संरक्षण मिळायचं. पण देश बुळकांडीमुक्त आहे हे सिद्ध करायचं तर ती लस पूर्ण बंद करावी लागते, नाहीतर रक्ततपासणीत दिसणारी प्रतिकारशक्ती लसीची की आजाराची हे कळत नाही. त्यामुळे शेळ्यांसाठी स्वतंत्र लस गरजेची झाली.

ती मुक्तेश्वरलाच तयार झाली. हिमाचल प्रदेशातल्या एका शेळीपासून मिळालेल्या 'सुंग्री ९६' या विषाणूपासून भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने ती बनवली. तामिळनाडूतल्या पशुवैद्यक विद्यापीठाने 'अरसूर ८७' पासून वेगळी लस बनवली. महाराष्ट्रात पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेतही पीपीआरची लस तयार होते. पीपीआरचा विषाणू जगात चार वेगवेगळ्या वंशशाखांत आढळतो, पण एकच लस सगळ्यांवर चालते. दरवर्षी नवी लस बनवायची भानगड नाही.

थोडक्यात, बुळकांडी घालवायला जे जे लागलं ते सगळं इथेही आहे. विषाणू बाहेर टिकत नाही, वाचलेलं जनावर पसरवत नाही, लस एकदाच टोचायची आणि ती चालते. फरक एकच आहे. गाय आणि शेळी यांच्या आयुष्याचा वेग वेगळा आहे.

खरं गणित इथे आहे

गाय किंवा बैल शेतकऱ्याच्या दारात आठ-दहा वर्षं राहतो. त्याला एकदा लस टोचली की ते संरक्षण गोठ्यात राहतं. शेळीचं तसं नाही. ती पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते. बोकड वर्षाच्या आत-बाहेर विकले जातात. कळप सतत बदलत असतो.

एक सोपं उदाहरण घेऊ. एका भागात १०० शेळ्या आहेत. मोहीम उत्तम झाली आणि ८० जणींना लस मिळाली. साथ थांबवायला साधारण ७० टक्के जनावरांमध्ये प्रतिकारशक्ती लागते असं मानलं जातं. म्हणजे आपण पास झालो.

आता वर्षभरात त्यातल्या ३० शेळ्या-बोकड विकले गेले किंवा मेले आणि त्यांच्या जागी ३० नवी करडं आली. विकल्या गेलेल्यांत लस घेतलेले साधारण २४. उरले ५६. नव्या करडांना आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्यांना कुणी लस टोचली नाही, तर एका वर्षात १०० पैकी फक्त ५६ जनावरं सुरक्षित. म्हणजे ७० च्या खाली. दुसऱ्या वर्षी आणखी खाली.

कागदावर मात्र नोंद असते : या भागात ८० टक्के लसीकरण पूर्ण. ती नोंद खोटी नसते, शिळी असते.

म्हणूनच 'तीन वर्षांतून एकदा लस' हे वाक्य एका शेळीसाठी बरोबर आणि कळपासाठी अपुरं आहे. शेळीला तीन वर्षांतून एकदा चालेल. पण कळपात दर सहा महिन्यांनी नवी करडं लसीच्या वयाला येतात. मोठी मोहीम एकदा झाली की दरवर्षी नव्या जनावरांची टोचणी व्हायलाच हवी. आजार तग धरतो तो या मधल्या फटीत.

कोकणात आणखी एक अडचण

आता पुन्हा नाटे गावात येऊ. सोलापूर-सांगलीकडे एकेका घरी पन्नास-शंभर मेंढ्यांचा कळप सापडतो. कोकणात मुसळधार पावसामुळे मेंढी फारशी मानवत नाही. शेळ्याही घरटी दोन, चार, पाच. आणि गाव म्हणजे एका जागी असलेली वस्ती नाही. डोंगरउतारावर, खाडीकाठी, सड्यावर विखुरलेल्या वाड्या.

पीपीआरची लस भुकटीच्या रूपात येते. ती कायम थंड ठेवावी लागते. टोचायच्या वेळी ती द्रवात विरघळवायची आणि मग काही तासांतच संपवायची. उरलेली टाकून द्यावी लागते. एका बाटलीत बऱ्याचदा ५० किंवा १०० मात्रा असतात.

आता विचार करा. बर्फाचा डबा घेऊन निघालेला कर्मचारी एका वाडीत पोहोचतो. तिथे सात शेळ्या. त्यातल्या चार रानात चरायला गेलेल्या. बाटली फोडायची की नाही? फोडली तर ९० हून अधिक मात्रा पुढच्या दोन-तीन तासांत संपवायला तितक्या शेळ्या शोधाव्या लागणार. नाही फोडली तर ही वाडी राहून जाणार. पन्नास मेंढ्यांच्या वाड्यावर हा प्रश्नच येत नाही. पाच शेळ्यांच्या घराला तोच प्रश्न महाग पडतो.

आणि या वाड्या जगापासून तुटलेल्या नाहीत. कोकणात मटणाला मागणी भरपूर. गटारी, शिमगा, बकरी ईद, गावच्या जत्रा. कोकणातला स्थानिक पुरवठा पुरत नाही म्हणून बोकड घाटावरून येतात. अणुस्कुरा, आंबा, गगनबावडा या घाटांनी गाड्या उतरतात. घाटावरच्या आटपाडी, लोणंदसारख्या बाजारांत वेगवेगळ्या तालुक्यांची जनावरं एका दिवसासाठी एकत्र येतात आणि संध्याकाळी दहा दिशांना जातात. बकरी ईदच्या आधी मुंबईच्या देवनारमध्ये तर राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातूनही बोकड येतात. कापायला गेलेला बोकड पुढे आजार पसरवत नाही. पण न विकलेला, परत गाडीत भरून गावी आलेला बोकड पसरवू शकतो. पाळायला म्हणून घेतलेलं करडूही.

यात मेंढपाळांचाही विषय येतो. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढपाळ आपले कळप घेऊन कोकणात उतरतात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात, त्यांना धान्य किंवा पैसे देतात. पावसाच्या तोंडावर कळप परत जातात. ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे. त्यामुळे 'मेंढपाळ आजार आणतात' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अर्धवट आहे. साथ आली तर सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच, कारण त्यांची सगळी पुंजी त्या कळपात असते. प्रश्न असा आहे की लसीकरणाची यादी गावाच्या हद्दीनुसार बनते आणि हे कळप हद्दीत राहत नाहीत. मोहीम गावात येते तेव्हा कळप कोकणात असतो, कोकणात मोहीम असते तेव्हा तो परतीच्या वाटेवर. २५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पहिल्यांदाच भटक्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी माहिती घ्यायचं ठरलं, हे त्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. जे मोजलंच नाही त्याला लस कशी पोहोचणार?

सरकार काय करतंय?

केंद्र सरकारने पीपीआर नियंत्रण कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू केला. पहिल्या टप्प्यात दक्षिणेतल्या राज्यांसोबत महाराष्ट्र आणि गोवाही होते. नंतर तो देशभर गेला. कर्नाटक, आंध्र प्रदेश, छत्तीसगड या राज्यांत जिथे लसीकरण जोरात आणि सलग झालं, तिथे साथींची संख्या स्पष्टपणे घटली. म्हणजे हे होऊ शकतं, हे देशातच दिसलेलं आहे.

सध्या हे काम 'पशुधन आरोग्य आणि रोग नियंत्रण कार्यक्रमा'तून चालतं. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमासाठी २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांकरता ३,८८० कोटी रुपयांना मंजुरी दिली. हा पैसा फक्त पीपीआरसाठी नाही, लाळ्या खुरकूत आणि इतर आजारही त्यात आहेत.

कायदाही आहे. २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याच्या यादीत पीपीआर आहे. जनावराला असा आजार झाल्याचा संशय आला तर मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावातल्या संबंधित अधिकाऱ्याला कळवणं अपेक्षित आहे. त्यानंतर तो भाग नियंत्रित क्षेत्र जाहीर करून जनावरांची ने-आण आणि बाजार थांबवता येतात.

पण कळवणार कोण? पाचपैकी दोन शेळ्या मेल्या की माणसाचा पहिला विचार असतो, उरलेल्या तीन आजच्या आज विकून टाकाव्यात. निदान काही तरी हातात येईल. त्या घराच्या जागी उभं राहून पाहिलं तर यात गैर काही वाटत नाही. पण त्या तीन शेळ्या जिथे जातील तिथे आजार जाईल. कळवल्यावर हातात काय पडणार याचं उत्तर जोवर स्पष्ट नसतं, तोवर न कळवणं हाच लोकांना शहाणपणा वाटणार.

हा फक्त आपला प्रश्न आहे का?

नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांनी २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात पीपीआर निर्मूलनाची जागतिक योजना मांडली. जिथे हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला, त्याच देशात. लक्ष्य ठरलं २०३०. आज ७० हून अधिक देशांत हा आजार आढळलेला आहे. त्यामुळे दरवर्षी १.४ ते २.१ अब्ज डॉलर नुकसान होतं, असा या संघटनेचा अंदाज आहे.

युरोप यापासून दूर होता. २०१८ मध्ये तो बल्गेरियात शिरला आणि आटोक्यात आणला गेला. जुलै २०२४ मध्ये ग्रीसमध्ये आणि पाठोपाठ रोमानियात साथ आली. ग्रीसने देशभर शेळ्या-मेंढ्यांची ने-आण थांबवली, बाधित कळप मारून टाकले. जानेवारी २०२५ मध्ये हंगेरीतही तो सापडला. ग्रीसचं फेटा चीज शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाचं असतं, त्यामुळे तिथे ही पहिल्या पानाची बातमी होती.

आपल्याकडे अख्खे कळप मारणं परवडणारं नाही आणि कुणी मान्यही करणार नाही. आपला मार्ग लसीचाच आहे. म्हणून तो नीट चालणं जास्त गरजेचं.

तुमच्या घरी किंवा गावी शेळ्या असतील तर काय कराल?

१. करडं तीन-चार महिन्यांची झाली की पीपीआरची लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात विचारा. गाभण शेळी असेल तर पशुवैद्यकांचा सल्ला घ्या. टोचल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

२. वाडीतल्या शेळ्यांची यादी करा. कुणाकडे किती, त्यात लस न घेतलेल्या किती. आसपासच्या वाड्या मिळून पन्नास झाल्या की दवाखान्याला एक दिवस मागा आणि त्या दिवशी सकाळी शेळ्या चरायला न सोडता एका जागी आणा. हे काम गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत होतं. बाटलीच्या गणिताला हेच उत्तर आहे.

३. बाजारातून आणलेलं जनावर थेट गोठ्यात घेऊ नका. दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं. घरच्यांना चारा-पाणी करून मग शेवटी त्याच्याकडे जा.

४. ताप, वाहणारं नाक आणि हगवण हे एकत्र दिसलं तर थांबू नका. आजारी जनावर बाजूला करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची मदत मागता येते.

५. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने प्रतिजैविकं आणू नका. ती विषाणूवर चालत नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होतो. नंतर जडणाऱ्या न्यूमोनियासाठी कोणतं औषध, किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पाणी, पातळ पेज आणि तोंड स्वच्छ ठेवणं यानेही काही जनावरं वाचतात.

६. मेलेलं जनावर ओढ्यात, खाडीत किंवा सड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गोठा धुऊन उन्हात वाळू द्या.

७. साथ असताना उरलेल्या शेळ्या विकू नका. विम्याची चौकशी आधीच करून ठेवा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ च्या बदलानंतर हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्के ठरवलेला आहे आणि त्यात शेळ्या-मेंढ्याही येतात.

मग २०३० पर्यंत होईल का?

विज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर अडचण दिसत नाही. बुळकांडी घालवताना आजच्यासारखे मोबाइल नव्हते, जनावरांच्या कानातले बारा अंकी बिल्ले नव्हते, घाटातले चांगले रस्तेही नव्हते. तरी ती गेली.

अडचण आहे ती मोजण्याच्या सवयीत. किती मात्रा टोचल्या हे आपण मोजतो. या महिन्यात जन्मलेल्या करडांपैकी किती जणांना चार महिन्यांनी लस मिळाली, हे कुठेच दिसत नाही. पहिल्या आकड्याने अहवाल भरतो. आजार जातो तो दुसऱ्या आकड्याने. आणि तो आकडा तालुक्याच्या कार्यालयापेक्षा वाडीतल्या लोकांना आधी माहीत असतो.

सुरुवातीच्या त्या काकींचंच बघा. त्यांनी बाजारातून करडू आणलं, यात त्यांची चूक नव्हती. घरच्या पाच शेळ्यांना आधीच लस टोचलेली असती, तर नुकसान एका करडावर थांबलं असतं. पावसाळ्यात होडी किनाऱ्याला लागली असती, तेव्हा गोठ्यात पाच शेळ्या असत्या.